न वाढणाऱ्या पिल्लाच्या छातीला आधी स्टेथोस्कोप लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की वऱ्हाडात गावोगावी कुत्र्या वितात. कापसाचे वेचे चालू असतात, तूर फुलोऱ्यात येते, रात्री रानडुकरं आणि रोही शेतात उतरतात आणि जागलीला सोबत म्हणून लोक पिल्लू शोधायला लागतात. कुणी गावातलंच गावठी उचलतो, कुणी नागपूर-अमरावतीहून ‘जर्मन’ नाहीतर ‘लॅब’ आणतो, घरात मुलं असली तर पॉमेरियन येतं. यांत अधूनमधून एखादं पिल्लू असं निघतं की भावंडं अंगणभर धिंगाणा घालतात आणि हे चार पावलं पळून धापा टाकत खाली बसतं. दूध पिताना मध्येच थांबून श्वास घेतं. पोट तेवढं मोठं, बाकी नुसत्या बरगड्या. ‘काऊन वाढून नाही राह्यलं हे?’ असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘जंत असतीन.’ जंताचं औषध दिलं जातं, पंधरा दिवसांनी पुन्हा दिलं जातं, मग लिव्हर टॉनिक, मग बी-कॉम्प्लेक्सची सुई. यात दोन महिने जातात आणि तोवर छातीला स्टेथोस्कोप कुणी लावलेलाच नसतो.

जंत असतातच, ते नाकारायचं कारण नाही. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, हुकवर्म दुधातून येतात. म्हणून दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांना जंतनाशक द्यावंच. पायरँटेल किलोमागे 5 ते 10 मिलिग्रॅम पुरतं. पण दोन वेळा नीट वजन करून औषध दिलं, गोचीड-पिसवा काढल्या, खाणं सुधारलं आणि तरीही पिल्लू भावंडांच्या मागेच राहिलं, तर तिसऱ्यांदा जंताचं औषध देण्यात काही अर्थ नाही. त्या पिल्लाचं हृदय ऐकायला हवं. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे, कारण पिल्लांच्या जन्मजात हृदयदोषांत जो सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषांपैकी एक आहे, तोच वेळेत सापडला तर पुरता बरा होणारा आहे.

त्याचं नाव पेटंट डक्टस आर्टेरिओसस, थोडक्यात पीडीए. गर्भात असताना पिल्लाची फुप्फुसं काम करत नाहीत. त्यामुळे फुप्फुसाकडे जाणारं रक्त एका आखूड वाहिनीतून परस्पर महाधमनीत वळवलेलं असतं. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला, रक्तात प्राणवायू वाढला, की या वाहिनीच्या भिंतीतले स्नायू आवळतात आणि दोन-तीन दिवसांत ती बंद होते. ज्या पिल्लात भिंतीत हे स्नायू कमी पडतात, त्याची वाहिनी उघडीच राहते. आता महाधमनीतला दाब जास्त असतो, फुप्फुसाच्या धमनीतला कमी. म्हणून रक्त उलटं फुप्फुसात शिरतं, तिथून पुन्हा डाव्या हृदयात येतं. बांधाला भोक पडल्यावर मोटर कितीही चालवली तरी वाफ्याच्या शेवटाला पाणी पोहोचत नाही, तसं होतं. हृदय दुप्पट राबतं आणि अंगाला मिळतं कमी. डावी बाजू ताणून मोठी होते, फुप्फुसात पाणी साचू लागतं. उपचार झाला नाही तर निम्म्याहून जास्त पिल्लं वर्षभरात दगावतात. पॉमेरियन, पूडल, माल्टीज, जर्मन शेफर्ड या जातींत हा दोष जास्त दिसतो, आणि नरांपेक्षा माद्यांत जास्त. गावठी पिल्लात होत नाही असं मात्र समजू नये.

हा दोष कानाने पकडता येतो, फक्त ऐकण्याची जागा नेमकी हवी. पिल्लू टेबलावर किंवा कुणाच्या मांडीवर उभं धरा, बसलेलं नको. डावा पुढचा पाय हलकेच पुढे ओढा आणि स्टेथोस्कोपचं तोंड कोपराच्या मागे न ठेवता वर, थेट काखेत सरकवा. चुकतं ते इथेच. बहुतेकांचा हात सवयीने खाली, जिथे ठोका हाताला लागतो तिथे जातो. तिथे हा आवाज मंद असतो किंवा नसतोच. काखेत मात्र ‘लब-डब’च्या मधली शांतताच सापडत नाही. जातं फिरावं तशी सलग घरघर येते, ठोक्याबरोबर चढते, उतरते, पण थांबत नाही. सलग का, तर महाधमनीतला दाब हृदय आकुंचन पावताना आणि सैल पडताना, दोन्ही वेळेला फुप्फुसाच्या धमनीपेक्षा जास्तच असतो. गळती अखंड चालू राहते. आवाज मोठा असेल तर तळहातालाही कळतो. कोपरांच्या मागे-वर दोन्ही बाजूंनी छातीवर तळवे अलगद ठेवा. तळहातावर भोवरा फिरावा तशी थरथर लागते. ही थरथर मालकालाही ओळखता येते. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूची नाडी अशा पिल्लात उसळी मारून लागते.

मोठ्या जनावरांसाठी वापरतो तो मोठा चकतीचा स्टेथोस्कोप दीड किलोच्या पिल्लाच्या जवळजवळ अख्ख्या छातीवर पसरतो आणि सगळे आवाज एकत्र करतो. लहान बाळांसाठी मिळतो तो घ्यावा. केस घासून चरचर येत असेल तर तेवढी जागा पाण्याने ओली करावी. पिल्लू कुंईकुंई करत असेल तर बोटाला दूध लावून चाटायला द्यावं, धापा टाकत असेल तर क्षणभर तोंड मिटून धरावं. आणि खोलीतला पंखा, टीव्ही बंद. डावीकडे ऐकून झालं की उजवीकडेही ऐकावं. एवढं सगळं करायला तीन मिनिटं लागतात.

‘लब-डब’खेरीज जादा आवाज ऐकू आला म्हणून लगेच घाबरायचंही नाही. सहा-आठ आठवड्यांच्या पुष्कळ पिल्लांत डाव्या बाजूला हलका, मऊ, फक्त ठोक्याबरोबर येणारा आवाज असतो. आवाजाची तीव्रता सहापैकी मोजतात. हा एक किंवा दोन दर्जाचा असतो आणि चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत आपोआप जातो. हुकवर्म किंवा गोचिडांमुळे रक्त कमी झालं असेल तरी रक्त पातळ होऊन असाच आवाज येतो. हिरड्या पांढऱ्याफटक असतील तर आधी रक्त तपासा, ते भरून काढा आणि मग पुन्हा ऐका. पण आवाज तीन किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असेल, सलग असेल, किंवा हाताला थरथर लागत असेल, तर पुढच्या लसीची वाट न बघता इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी पाठवावं.

आवाज किती मोठा यावरून आजार किती मोठा हे ठरवणं ही दुसरी मोठी चूक. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर भोक जितकं लहान तितका आवाज मोठा, कारण अरुंद वाटेतून रक्त जोराने घुसतं. असं बारीक भोक असलेली कुत्री उजव्या बाजूला मोठा आवाज घेऊन म्हातारी होतात. उलट पीडीएमध्ये फुप्फुसाच्या वाहिन्या जाड होऊन तिकडचा दाब वाढत गेला तर आवाज कमी होत जातो आणि शेवटी बंद पडतो. घरच्यांना वाटतं औषधाने गुण आला. प्रत्यक्षात रक्ताचा प्रवाह उलटलेला असतो आणि अशुद्ध रक्त अंगात जाऊ लागलेलं असतं. याची खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तोंडातल्या हिरड्या गुलाबी आणि मादीच्या योनीची किंवा नराच्या लिंगाची आतली त्वचा निळसर, थोडं पळवल्यावर जास्तच. डोक्याकडे आणि पुढच्या पायांकडे जाणाऱ्या वाहिन्या महाधमनीला या उघड्या राहिलेल्या नळीच्या आधीच फांद्यांसारख्या फुटतात, म्हणून पुढचं अंग शुद्ध रक्तावर आणि मागचं मिश्र रक्तावर चालतं. अशी पिल्लं पळाली की मागच्या पायांतून बसतात आणि लोकांना कंबर गेल्यासारखी वाटतात. या अवस्थेत शस्त्रक्रियेने नळी बांधून बंद करायची नसते. बांधली तर पिल्लू जातं. म्हणूनच जे करायचं ते लवकर.

काळ्या तोंडाच्या गावठी पिल्लाच्या हिरड्यांवरून रंग कळत नाही. खालची पापणी ओढून आत बघावं, जीभ बघावी, आणि ते दिवसा, पण उन्हात नव्हे, सावलीत. पिवळ्या बल्बखाली निळसर रंग हमखास सुटतो.

पीडीएखेरीज इतर दोष आहेत, त्यांचं थोडक्यात सांगतो. फुप्फुसाच्या धमनीची झडप जाड किंवा चिकटलेली असणं बुलडॉग, बॉक्सर, बीगलमध्ये जास्त; दोष तीव्र असेल तर फुगा घालून झडप रुंद करता येते. महाधमनीच्या झडपेखालचा अरुंदपणा रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सरमध्ये दिसतो आणि पहिल्या वर्षात वाढत जातो. दोन महिन्यांचं असताना आवाज हलका होता म्हणून निश्चिंत राहता येत नाही. त्यातलं तीव्र दोषाचं कुत्रं पळतापळता एकदम कोसळून जाऊ शकतं. लॅब्राडोरमध्ये उजव्या बाजूच्या झडपेचा दोष असतो, त्यात पोटात पाणी होतं. जंताचं पोट आणि पाण्याचं पोट यांतला फरक हाताने कळतो. एका कुशीवर तळहात ठेवून दुसऱ्या कुशीवर टिचकी मारा. पाणी असेल तर लाट तळहाताला येऊन लागते. पाणी हुकवर्मने प्रथिनं घटल्यामुळेही होतं, म्हणून तिथे रक्ततपासणी आणि छातीची तपासणी दोन्ही लागतात.

आणखी एक दोष सांगायलाच हवा, कारण तो हमखास चुकतो. पिल्लू आईच्या दुधावर ठीक असतं आणि भाकरीचा काला किंवा भात सुरू केला की खाल्लेलं तसंच्या तसं, न पचलेलं, पोट न आवळता बाहेर टाकतं. ही ओकारी नाही. महाधमनी चुकीच्या बाजूने वळून अन्ननळीभोवती फास बसलेला असतो. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त. हृदयाचा जादा आवाज यात बहुधा नसतोच. शस्त्रक्रिया होईपर्यंत पातळ खाणं, पिल्लाला पुढचे पाय वर ठेवून उभं भरवणं आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं तसंच उभं धरून ठेवणं. नाहीतर अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो.

एकाच वितातली दोन-तीन ठणठणीत पिल्लं तीन ते आठ आठवड्यांची असताना एकापाठोपाठ एक अचानक गेली, तर जन्मदोषापेक्षा पार्वोचा संशय घ्यावा. गर्भात किंवा जन्मल्याबरोबर लागण झाली तर हा विषाणू आतड्याऐवजी हृदयाच्या स्नायूवर बसतो. आईला गाभण राहण्याआधी लस दिलेली असेल तर हे टळतं.

आता घरी काय करायचं ते. सगळ्यांत कामाची गोष्ट म्हणजे झोपेतला श्वास मोजणं. पिल्लू गाढ झोपलेलं असताना छाती वर गेली आणि खाली आली की एक. मोबाइलवर तीस सेकंद लावून मोजा, दुप्पट करा, शाळेच्या वहीत तारखेसमोर लिहा. पाय झटकत असेल, डोळे पापणीखाली फिरत असतील तर ते स्वप्नात आहे, तेव्हाचा आकडा धरू नये. धाप लागलेली असताना किंवा भर दुपारी मोजलेलाही निरुपयोगी. पहाटेचा आकडा सर्वांत भरवशाचा. मोठ्या कुत्र्यात तो तीसच्या खाली असतो, लहान पिल्लात थोडा जास्त असू शकतो, म्हणून सुरुवातीला आठ दिवस रोज मोजून त्या पिल्लाचा स्वतःचा आकडा ठरवावा. नंतर लागोपाठ दोन दिवस तो आठ-दहाने चढला किंवा चाळीसच्या वर गेला, तर खोकला दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा. फुप्फुसात पाणी साचायला लागल्याची पहिली खबर बहुतेक वेळा हा आकडा देतो. सोबत आठवड्यातून एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर वजन. पिशवीत बसवून मोजलं तर पिशवीचं वजन वजा करायला विसरू नये; दोन किलोच्या जिवात शंभर ग्रॅमही औषधाची मात्रा बदलतात.

औषधाची मात्रा ही खेड्यात खरी अडचण. फुप्फुसातलं पाणी उतरवायला फ्युरोसेमाइड देतात, साधारण किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम, दिवसातून दोन किंवा तीन वेळा. नेमकं किती आणि किती वेळा हे पशुवैद्यकच ठरवणार. मेडिकलमध्ये मिळणारी गोळी 40 मिलिग्रॅमची. तिचा चतुर्थांश म्हणजे 10 मिलिग्रॅम. दोन किलोच्या पिल्लाला हवेत 2 ते 4, आणि तुकडाही कधी सारखा पडत नाही. त्यामुळे लहान मुलांसाठीचं 10 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं तोंडाने द्यायचं द्रावण मागून घ्यावं, त्यातलं 0.2 मिलिलिटर म्हणजे 2 मिलिग्रॅम. मोजायला 1 मिलिलिटरची साधी सिरिंज, सुई काढून. इन्सुलिनची सिरिंज वापरली तर घोटाळा होतो. तिच्यावरच्या रेघा मिलिलिटरच्या नसून युनिटच्या असतात. यू-40 सिरिंजवर (1 मिलिलिटरला 40 युनिट) 0.2 समजून धरलेली 20 ची रेघ म्हणजे 0.5 मिलिलिटर, म्हणजे अडीचपट मात्रा. आणि हे औषध चालू असताना लघवी जास्त होते म्हणून पाणी तोडायचं नाही. पाणी समोर सतत हवं. जुलाब-ओकारी लागली, खाणं सुटलं, तर पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना विचारावं; अशा वेळी मूत्रपिंड लवकर बिघडतं. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याला एरवीही घातक, या औषधासोबत तर मुळीच नाहीत. दम उतरला म्हणून परस्पर औषध बंद करणं हेही नेहमीचंच. आठवड्याभरात पाणी परत चढतं.

पिमोबेंडन हे हृदयाला जोर देणारं औषध आता सहज मिळतं आणि एकाला लागू पडलं म्हणून दुसऱ्याच्या पिल्लाला दिलं जातं. महाधमनीची वाट अरुंद असलेल्या पिल्लात ते द्यायचं नसतं. बंद दारावर आणखी जोर लावल्यासारखं होतं. दोष कोणता हे इकोत ठरल्याशिवाय ते सुरू करू नये. ते सुरू झालंच तर खाण्याआधी तासभर, रिकाम्या पोटी.

सलाइनबद्दल मात्र मला जरा जोर देऊन लिहायचं आहे. मलूल पिल्लू दिसलं की सलाइन चढवा, असा आग्रह मालकच धरतात आणि तो मोडवत नाही म्हणून बाटली लावली जाते. ज्याच्या फुप्फुसात आधीच पाणी उतरत आहे, त्याला शंभर मिलिलिटर सलाइन भरभर चढवलं तर ते तासाभरात नाकातोंडातून गुलाबी फेस काढून मरतं. दोन किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्तच सगळं मिळून दीड-पावणेदोनशे मिलिलिटर असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे शंभर म्हणजे किती हे कळेल. आधी छाती ऐका, श्वास मोजा. पातळ जुलाबाने खरंच पाणी कमी झालं असेल तर द्यावं लागतं, पण थेंब मोजून, पुन्हापुन्हा छाती ऐकत. शस्त्रक्रियेसाठी किंवा जखम शिवताना गुंगीसाठी झायलाझिन देण्याआधीही हीच तपासणी. या औषधाने ठोके मंदावतात आणि आजारी हृदयाला ते सोसत नाही.

खाण्यात घरचं मीठ-मसाल्याचं बंद. बोंबील, पापड, लोणच्याचा खार, शेव, खारी बिस्किटं, उरलेला रस्सा यांतलं काही नाही. रश्शात मिठाखेरीज कांदाही असतो, आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. पण मीठ कमी म्हणजे खाणंच कमी असं नाही. या पिल्लांचा श्वास घेण्यातच अन्नाचा मोठा भाग खर्च होतो, म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि सकस: उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन भातात कुस्करून. डोळे न उघडलेल्या, दूध ओढताना दमणाऱ्या पिल्लाला बाहेरचं दूध द्यावं लागलं तर गायीच्यापेक्षा म्हशीचं कुत्रीच्या दुधाच्या जवळ जातं, कारण त्यात स्निग्धांश जास्त. दर दोन-तीन तासांनी, पिल्लू पालथं, डोकं किंचित वर. बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. नाकातून दूध आलं तर आधी टाळूला चीर आहे का ते बोट घालून बघा. आणि अंग गार असेल तर आधी ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, पाजलेलं दूध तसंच साचतं. पौषाच्या थंडीत पहिल्या आठवड्याच्या पिल्लाजवळ 29 ते 32 अंश उष्णता लागते. टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या एका बाजूला ठेवाव्यात, म्हणजे नको झालं तर ते सरकू शकतं.

कोसळलं तर काय? खेळताना, आनंदाने उड्या मारताना एकदम लुळं पडून अर्ध्या-एक मिनिटात उठून काही झालंच नाही असं वागत असेल, तर ती बहुधा हृदयाची मूर्च्छा. बसल्याजागी आखडणं, पाय मारणं, लाळ गळणं आणि नंतर बराच वेळ भांबावलेलं राहणं, ही फिट. दोन्हींत तोंडात पाणी ओतू नये, कांदा फोडून किंवा चप्पल नाकाला लावण्यात वेळ घालवू नये. कुशीवर, मान सरळ, सावलीत ठेवा आणि कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. ते वीस सेकंदांचं चित्रण डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा जास्त सांगतं. अगदी लहान, उपाशी पिल्लू लुळं पडलं असेल तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते; हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी चोळावं.

हृदयदोष असलेल्या पिल्लाला बांधूनही ठेवू नये आणि गाडीमागे पळवूही नये. ते स्वतःहून थांबतं तिथे थांबू द्यावं. गळ्यात साखळी नको, छातीला सैल बसणारा पट्टा बरा.

आता वेळेचं गणित. कार्तिकात जन्मलेलं पिल्लू माघात तीन महिन्यांचं होतं. पीडीएची नळी बंद करण्याचं काम पिल्लू आठ ते सोळा आठवड्यांचं असतानाच व्हावं हे उत्तम, म्हणजे आपल्याकडे होळीच्या आत. चैत्र-वैशाखात अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. कुत्र्याला घाम जवळपास नाहीच. ते धापा टाकून अंग थंड करतं आणि ती धापच या हृदयाला महागात पडते. टिनाच्या शेडखाली असं पिल्लू वैशाख काढत नाही. शस्त्रक्रिया राहिलीच असेल तर मातीच्या घरात किंवा दाट निंबाखाली ठेवावं, ओलं पोतं अंगावर न टाकता वाऱ्याच्या वाटेत टांगावं, कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

तपासणीला नेताना उन्हं चढायच्या आत निघावं. पोत्यात किंवा पिशवीत घालून मोटारसायकलवर नेऊ नये. भाजीचं प्लास्टिकचं कॅरेट, तळाला ओलसर कापड, वरून जाळी, हे पुरेसं. इकोला चिरफाड नाही, सुई नाही. छातीचे थोडे केस काढून पिल्लाला कुशीवर धरतात, बहुधा गुंगीही लागत नाही. त्यासाठी रात्रभर उपाशी ठेवू नका. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय) आहे का, तपासणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, आणि किती वजनाच्या पिल्लाची शस्त्रक्रिया घेतात. आपल्याकडे नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था ही विचारण्याची पहिली ठिकाणं. एटापल्ली किंवा धारणीहून तिथे जाणं म्हणजे अख्खा दिवस आणि मजुरी बुडाली, म्हणून हा फोन फार महत्त्वाचा. जवळचा दवाखाना कुठला हेच माहीत नसेल तर 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक सुरुवातीला लावता येतो.

शस्त्रक्रियेत डाव्या बरगड्यांमधून छाती उघडून ती नळी रेशमी धाग्याने दोन ठिकाणी बांधतात. आधी महाधमनीकडची गाठ, मग फुप्फुसाकडची. दुसरी पद्धत मांडीच्या धमनीतून तार नेऊन बारीक जाळीची डबी नळीत बसवण्याची. पण साधारण अडीच-तीन किलोंच्या आतल्या पिल्लाची धमनी त्यासाठी अरुंद पडते. नळी बंद झाली की ती घरघर तिथल्या तिथे थांबते. वेळेत झालं तर कुत्रं पुढे इतरांसारखंच जगतं. माणसाच्या मुलात हे काम बोस्टनला 1938 साली रॉबर्ट ग्रॉस यांनी पहिल्यांदा यशस्वी केलं. पिल्लातली शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर होते.

बरं झालं तरी त्या कुत्र्याची पैदास करू नये; हा दोष रक्तातून उतरतो. नळी बंद झाल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा, नसबंदी करून टाकावी. ज्या जोडीपासून असं पिल्लू झालं ती जोडी पुन्हा लावू नये. तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं विकणाऱ्यांकडून घेताना आठ आठवड्यांआधी घेऊ नका आणि घेण्याआधी छाती ऐकवून घ्या, हेही सांगतो.

काही दोषांना इलाज नसतो. झोपेतला श्वास औषधानेही उतरत नाही, पिल्लू आडवं पडू शकत नाही, बसून मान लांबवून रात्र काढतं, खाणं सुटतं, तेव्हा पशुवैद्यकाकडून इंजेक्शनने वेदनारहित मरण देणं हाच दयेचा मार्ग असतो. रस्त्याकडेला किंवा बाजारात सोडून देणं नव्हे; 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने तो गुन्हाही आहे.

माझी मागणी छोटी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडीतल्या मुलांची जन्मजात हृदयदोषासाठी तपासणी होते. पिल्लांसाठी अशी वेळ आपसूक येते ती पहिल्या लसीची, सहा ते आठ आठवड्यांना. पशुसंवर्धन विभागाने आणि खासगी डॉक्टरांनी पिल्लाच्या लसीकरण कार्डावर फक्त एक रकाना वाढवावा: ‘हृदयाचा आवाज’. त्यात तीनपैकी एक नोंद: आवाज नाही; हलका आहे, पुढच्या लसीला पुन्हा ऐकणे; सलग किंवा मोठा आहे, इकोसाठी पाठवणे. पशुधन विकास अधिकारी आणि पशुधन पर्यवेक्षक यांच्या एखाद्या प्रशिक्षणात पीडीएचा ध्वनिमुद्रित आवाज दहा मिनिटं ऐकवावा. एकदा कानात बसला की तो विसरला जात नाही. आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जिथे सोनोग्राफी यंत्र आहे, तिथे डिसेंबर ते मार्च महिन्यातून एक दिवस पिल्लांच्या हृदयतपासणीसाठी ठरवून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर आधीच लावावा.

आपला,
एक पशुवैद्यक, जि. यवतमाळ